पळता न येणाऱ्याचे शस्त्र

निपाणी कोल्हापूरपासून एस.टी.ने तासाभराच्या वाटेवर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. परंतु तंबाखूचा बाजार, सोयरीकसंबंध आणि कामगारांची ये-जा यांनी ती सीमा कधी मनावर घेतली नाही. आपल्याकडे कागल-गडहिंग्लजच्या काळ्या रानांतही तंबाखू पिकत आली आहे. तेव्हा आजच्या विषयासाठी उदाहरण शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. विषय असा की, ज्याला जागचे हलता येत नाही असे झाड आपले रक्षण कसे करते? आणि उदाहरण निपाणीच्या तंबाखूचे.

हा विषय आम्ही का निवडला, तेही सांगून टाकतो. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, कॉलेजचे तोंड आम्ही पाहिलेले नाही. परंतु वखारींत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बाया आम्हांला पुष्कळदा विचारीत, "या पाल्यात देवानं एवढं विष घातलंच कशाला?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर सभेत उभ्याउभ्या देण्याजोगे नव्हते. ते मिळविण्यासाठी जे वाचले, जाणकारांना विचारून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम झाडाची अडचण नीट ध्यानात घेतली पाहिजे. जनावरावर संकट आले तर ते पळते, शिंग उगारते, बिळात शिरते. झाड जेथे रुजले तेथेच त्याला जन्म काढावा लागतो. ऊन तापले तरी सावलीला जाता येत नाही. पाणी आटले तरी विहिरीकडे जाता येत नाही. पानावर अळी चढली तर ती झटकून टाकायला हात नाहीत. असे असूनही रानात झाडे शिल्लक आहेत, आणि पृथ्वीवरील सजीवांचे वजन केले तर त्यांत झाडांचाच वाटा सर्वांत मोठा भरतो. याचा अर्थ, झाड दिसते तेवढे निमूट नाही. त्याची झुंज आपल्याला दिसत नाही, कारण ती हातापायांनी चाललेली नसून रसायनांनी चाललेली असते.

या रक्षणाचे दोन प्रकार आहेत. एक कायमची तटबंदी. दुसरी, हल्ला झाल्यावर उभी केलेली फौज. तंबाखूच्या पानावरची बारीक लव ही तटबंदी होय. त्यांतल्या पुष्कळ केसांच्या टोकाला चिकट द्रवाचा थेंब असतो. मावा किंवा बारीक किडा त्यात पाय अडकून बसतो. तंबाखूचा हिरवा पाला काढणाऱ्याच्या हाताला जो काळा चिकटा बसतो, आणि तो साबणाने एका वेळी निघत नाही, तो हाच. अळीसाठी मांडलेला सापळा मजुराच्या तळहाताला लागतो, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. तो समजण्यासाठी आधी निकोटिनची ओळख करून घेऊ. १८२८ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी तंबाखूच्या पानातून हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. सोळाव्या शतकात पोर्तुगालमधून फ्रान्सच्या दरबारी तंबाखू पाठविणाऱ्या झां निको नावाच्या वकिलावरून त्याचे नाव पडले. हे द्रव्य करते काय? प्राण्याच्या अंगात एका मज्जातंतूकडून दुसऱ्याकडे निरोप जातो तो एका रसायनाच्या मार्फत. ते रसायन पुढच्या तंतूच्या दारावर थाप मारते, दार उघडते, निरोप पोहोचतो आणि दार लगेच मिटते. निकोटिनची घडण त्या रसायनाशी जुळती असल्यामुळे ते त्याच दारात जाऊन बसते, आणि उठत नाही. दार उघडेच राहते, निरोपावर निरोप सुटत राहतात, किड्याचे अंग थरथरते, पाय वेडेवाकडे पडतात आणि तो लुळा होऊन मरतो. झाडाला मज्जातंतूच नसल्यामुळे त्याला हे विष बाधत नाही. शिवाय पेशीच्या आत पाण्याने भरलेली एक पिशवी असते, तिच्यात ते कोंडून ठेवलेले असते. अळीने पान चावले म्हणजे पिशवी फुटते आणि विष तिच्या पोटात जाते.

हे विष अळीसाठीच आहे याला पुरावा काय, असे कोणी विचारील. पुरावा आहे. जर्मनीत येना या गावी माक्स प्लांक संस्थेच्या रासायनिक परिस्थितिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत इयन बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानटी तंबाखूवर अनेक वर्षे काम केले. त्यांनी निकोटिन जवळजवळ तयारच करू शकणार नाहीत अशी रोपे बनविली आणि ती अमेरिकेतील युटा प्रांताच्या माळावर, या तंबाखूच्या मूळ गावी, साध्या रोपांच्या शेजारी लावली. २००४ साली त्यांनी निकाल प्रसिद्ध केला. निकोटिन नसलेल्या रोपांची पाने किड्यांनी शेजारच्या रोपांपेक्षा कितीतरी जास्त खाल्ली. शस्त्र काढून घेतले आणि लूट वाढली. यापेक्षा स्पष्ट साक्ष ती कोणती?

आता एक कोडे. निकोटिन सापडते पानात, तर ते तयार कोठे होत असेल? कोणीही म्हणेल, पानातच. परंतु १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील रे डॉसन यांनी एक प्रयोग केला. आपल्याकडील कलमे बांधणाऱ्या कोणत्याही माळ्याला तो समजेल. तंबाखू आणि टोमॅटो ही एकाच कुळातली झाडे. वांगे, बटाटा, मिरचीही त्याच कुळातली. म्हणून त्यांची एकमेकांवर कलमे होतात. डॉसन यांनी तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचा शेंडा बांधला आणि टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचा शेंडा बांधला. पहिल्या कलमात टोमॅटोच्या पानांत निकोटिन सापडले. दुसऱ्यात तंबाखूची पाने हिरवीगार वाढली, पण त्यांत निकोटिन जवळपास नव्हतेच. तेव्हा सिद्ध झाले की, विषाचा कारखाना जमिनीखाली मुळात आहे आणि माल पाण्याबरोबर वर पानात चढतो.

असे असेल तर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. अळी वर पान कुरतडते आहे हे खाली मुळाला कळते कसे? झाडाला तोंड नाही, तार नाही, हलकारा नाही. याचे उत्तर मिळायला आणखी पन्नास वर्षे लागली. पान फाटले की त्या जखमेतील स्निग्ध पदार्थापासून एक आम्ल तयार होते. त्याचे नाव जास्मोनिक आम्ल. नाव जाईच्या कुळावरून पडले आहे, कारण त्याचा एक जवळचा नातलग १९६२ साली जाईसारख्या फुलाच्या अत्तरात पहिल्याने सापडला. बाजारातल्या गजऱ्यात जो वास दरवळतो त्याच घराण्यातील हा झाडाचा धोक्याचा निरोप होय. हा निरोप पानातून खोडावाटे मुळांकडे उतरतो, मुळे निकोटिनचे काम वाढवितात, आणि पुढच्या काही दिवसांत पानांतील विषाचे प्रमाण चढत जाते.

झाडाच्या अंगातून निरोप जातात ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लाजाळू आणि इतर वनस्पतींत विजेचे सूक्ष्म संदेश यंत्राने मोजून दाखविले होते. त्या वेळी पुष्कळ परदेशी पंडितांनी शंका घेतली. २०१८ साली मोहरीच्या जातीच्या एका लहान रोपावर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, एक पान जखमी होताच कॅल्शियमची एक लाट दोनएक मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत पोहोचते, आणि तेथेही जास्मोनिक आम्ल तयार होऊ लागते. म्हणजे जखम एकाला, तयारी सर्वांची.

आता निपाणीच्या शेतकऱ्याकडे वळू. तंबाखूला कळी येण्याच्या सुमारास तो शेंडा खुडतो आणि पुढे बगलेत येणारे फुटवेही वारंवार काढून टाकतो. विचारले तर सांगतो, "शेंडा राहिला तर सगळं बळ फुलात जातं, पान हलकं राहतं, तंबाखू कडक होत नाही." हे अनुभवाचे बोल अगदी बरोबर आहेत, आणि त्यामागची क्रिया आता आपल्याला उलगडते. शेंडा खुडणे ही झाडाच्या दृष्टीने मोठी जखम आहे. त्यातून धोक्याचा निरोप खाली जातो. शेंड्यातून मुळांकडे उतरणारे, त्यांच्या कामाला लगाम घालणारे दुसरे द्रव्यही बंद होते. मुळे जोमाने वाढतात, निकोटिन अधिक तयार होते, आणि फुले-बिया नसल्यामुळे ते सारे पानात साठते. तात्पर्य, बिडीची तंबाखू "कडक" होते याचा अर्थ, शत्रूने शेंडा खाल्ला असे समजून झाडाने केलेली युद्धाची तयारी आपण विकत घेतो. एकाचे संरक्षण हे दुसऱ्याच्या बाजारात मालाचा दर्जा ठरते.

येथे एक शंका येते. शस्त्र इतके नामी आहे तर झाड ते सदा पूर्ण धारेवर का ठेवीत नाही? कारण त्याची किंमत जबर आहे. निकोटिनच्या प्रत्येक कणात नायट्रोजनचे दोन अणू लागतात. नायट्रोजन म्हणजे ज्याच्यासाठी शेतकरी युरियाची पोती आणतो तोच. विषात गेलेला नायट्रोजन पानाला, बीला मिळत नाही. बाल्डविन यांनी १९९८ साली हेही दाखविले. काही रोपांना किड्याचा हल्ला नसताना नुसते जास्मोनेट देऊन खोटा इशारा दिला. त्यांनी फौज उभी केली, पण शत्रू आलाच नाही. आणि हंगामाच्या शेवटी त्यांना शेजारच्या शांत रोपांपेक्षा बी कमी आले. आम्हां संघटनेच्या माणसांना हे लगेच पटते. संप हे हत्यार आहे, पण संपाच्या प्रत्येक दिवसाची रोजी बुडते. म्हणून शहाणी संघटना तयारी सदा ठेवते आणि हत्यार प्रसंगीच उपसते. झाडाला अर्थात मन नाही, विचार नाही. जी झाडे खर्च आणि गरज यांचा मेळ घालू शकली नाहीत त्यांचा वंश मागे पडला, आणि ज्यांना तो जमला त्यांची बीजे आज आपल्या रानात आहेत, एवढाच याचा अर्थ.

शत्रूही स्वस्थ बसत नाही. अमेरिकेत तंबाखूवर एक जाड हिरवी शिंगाळी अळी पडते. निकोटिन पचवून बाहेर टाकण्याची शक्ती तिच्यात आली आहे. पवन कुमार, पुढे पुण्याच्या 'आयसर' संस्थेत आलेले सागर पंडित आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली दाखविले की, ही अळी खाल्लेल्या निकोटिनचा थोडा भाग रक्तात घेऊन श्वासछिद्रांवाटे बाहेर सोडते आणि त्या वासाने रात्री शिकारीला निघालेला कोळी तिला सोडून देतो. झाडाने घडविलेले शस्त्र चोराने आपल्याच कमरेला लावले! परंतु झाडाजवळ याच्यापुढचाही डाव आहे. चावणाऱ्या अळीची लाळ जखमेला लागते, तीत काही खास द्रव्ये असतात, आणि त्यांवरून झाडाची प्रतिक्रिया बदलते. विष या अळीला मारीत नाही. तेव्हा झाड निकोटिनची वाढ आवरते घेते आणि पानांतून वेगळा वास सोडू लागते. त्या वासावर अळीची अंडी व पिले खाणारे ढेकूणजातीचे किडे येतात. २००१ साली अंद्रे केसलर आणि बाल्डविन यांनी रानातच मोजणी करून सांगितले की, या वासामुळे अळ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटते. स्वतःला पळता येत नाही, पण मदतीला हाक मारता येते, असा हा प्रकार आहे.

आतापर्यंत चावणाऱ्या शत्रूचे झाले. रोगाचा शत्रू चावत नाही, तो आत शिरून वाढतो. त्याचीही पहिली ओळख तंबाखूनेच जगाला करून दिली. तंबाखूच्या पानांवर हिरवे-पिवळे ठिपके पाडणारा रोग हॉलंडमधील आडोल्फ मायर यांनी १८८६ साली वर्णिला. रशियातील इव्हानोव्हस्की यांनी १८९२ साली दाखविले की, जंतू अडविणाऱ्या गाळणीतूनही त्याचा संसर्ग पार होतो. १८९८ साली बायेरिंक यांनी हे जंतूहून निराळे काही आहे असे ठासून सांगितले. माणसाला कळलेला पहिला विषाणू तो हाच. हा विषाणू अंगावर आला असता तंबाखूच्या काही जाती एक कठोर उपाय करतात. जेथे तो शिरला त्या जागेच्या पेशी आपण होऊन मरतात. पानावर सुकलेला लहान ठिपका उरतो, आणि विषाणू त्यात कोंडला जातो. गावात आग लागली असता पुढची दोन छपरे ओढून काढतात, तसेच हे.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. १९६१ साली अमेरिकेतील रॉस यांनी अशा तंबाखूच्या खालच्या पानांना हा विषाणू लावला. काही दिवसांनी वरच्या, न लागलेल्या पानांना लावून पाहिला, तर तेथे ठिपके कमी आणि बारीक पडले. खालची पाने आजारी पडली आणि वरची सावध झाली. १९७९ साली इंग्लंडमधील व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत चक्क ॲस्पिरिन टोचले, आणि तीही पाने या विषाणूला दाद देईनात. कारण ॲस्पिरिनच्या घराण्यातले सॅलिसिलिक आम्ल हा झाडाचा रोगाविरुद्धचा स्वतःचा निरोप आहे. माणसाने ते पूर्वी विलो नावाच्या झाडाच्या सालीतून घेतले, आणि डोके दुखले की आपण जी गोळी घेतो तिचा जन्म तेथला. अळीसाठी एक निरोप, रोगासाठी दुसरा. आणि पुष्कळदा एकाचा जोर वाढला की दुसऱ्याचा कमी होतो. झाडाची मिळकत मर्यादित असते, दोन्ही आघाड्या पूर्ण ताकदीने लढविणे त्याला परवडत नाही.

किडे आणि रोग यांच्याखेरीज हवामानाचे संकट आहेच. तंबाखू पावसाळ्याच्या उत्तरार्धात लावली जाते आणि पुढे थंडीत बव्हंशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. ओल खाली गेली की पानांत ॲब्सिसिक आम्ल वाढते. पानावर डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. त्यांतून हवा आत येते आणि वाफ बाहेर जाते. या आम्लाच्या निरोपाने ती छिद्रे मिटतात. पाणी वाचते, पण हवा न मिळाल्यामुळे वाढ खुंटते. येथेही फुकट काही नाही.

याच्या उलट संकट पुराचे, आणि ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी उसाच्या फडांत दिवसचे दिवस उभे राहिले. मुळांना हवा मिळेना. अशा वेळी उसाच्या बुडख्यात इथिलीन नावाचा वायू साठतो. केळी आणि आंबे पिकविणारा वायू तोच. एरवी तो हवेत उडून जातो, पाण्यात बुडालेल्या अंगातून मात्र सुटत नाही. तो साठणे हाच पुराचा निरोप. मग पाण्यालगतच्या पेऱ्यांना नव्या मुळ्या फुटतात, आणि मुळांच्या गाभ्यात वरून हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या तयार होतात. पूर ओसरल्यावर कांड्यांवर लोंबणाऱ्या मुळ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. उसाने जगण्यासाठी केलेली ती धडपड होती. शेंडा पाण्याबाहेर राहिला तो ऊस पुष्कळ ठिकाणी वाचला. सुरळीत गाळ शिरला तो कुजला. झाडाच्या शक्तीला हद्द आहे, हेही त्यातून दिसते.

आता प्रारंभी ध्यानात ठेवावयास सांगितलेल्या चिकट तळहाताकडे येऊ. निकोटिन ज्या दारावर बसते ते दार किड्याच्याच अंगात असते असे नाही. माणसाच्या मज्जातंतूंतही ते आहे. निकोटिन पाण्यात सहज विरघळते. दव पडलेला किंवा पावसाने भिजलेला हिरवा पाला उघड्या हातांनी काढला, काखेत धरला, डोक्यावरून वाहिला, म्हणजे ते पाण्यातून आणि घामातून कातडीवाटे अंगात शिरते. मग मळमळ, ओकारी, चक्कर, डोकेदुखी, गळून जाणे. अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात १९७० साली या दुखण्याचे वर्णन झाले. हिरव्या तंबाखूचा आजार असे त्याचे नाव. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातेतील तंबाखूच्या मजुरांत त्याचा अभ्यास केला. ज्यांनी आयुष्यात बिडी ओढली नाही त्यांच्याही लघवीत निकोटिनचा अंश सापडतो, तो येथून. आपल्याकडे याला कोणी "ऊन लागलं" म्हणते, कोणी "पित्त झालं" म्हणते, आणि बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाते. उन्हाचा आणि या विषाचा त्रास वरवर सारखा दिसतो, म्हणून तो ओळखला जात नाही.

वखारीत पाला वाळलेला असतो. तेथे कुटताना, चाळताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते. ती छातीला वाईट, आणि तिच्याबरोबर निकोटिनही जाते. तंबाखू चुना लावून का मळतात, याचाही उलगडा येथे होतो. पानात निकोटिन आम्लाशी बांधलेले असते. चुना ते बंधन सोडवितो, आणि मोकळे झालेले निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने रक्तात जाते. तरतरी आल्यासारखी वाटते ती यामुळे. सवय जडते तीही यामुळेच. तंबाखू खाणाऱ्याला तोंडाचा कर्करोग होतो तो मुख्यतः पान वाळताना-मुरताना त्यात तयार होणाऱ्या दुसऱ्या द्रव्यांमुळे, पण निकोटिन त्याला ते सोडू देत नाही.

या शस्त्राची नक्कलही माणसाने केली आहे. १९९० नंतर बाजारात आलेले इमिडाक्लोप्रिड आणि त्याची भावंडे किड्याच्या मज्जातंतूंवर निकोटिनसारखेच काम करतात, पण माणसापेक्षा किड्याला अधिक बाधतात. आज आपल्या उसात हुमणीसाठी ते वापरले जाते. परंतु किडा म्हटला की मधमाशीही आलीच. याच कारणाने युरोपीय संघाने २०१८ साली अशा तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर बंद केला. झाड आपले विष पानात कोंडून ठेवते आणि चावणाऱ्यालाच देते. आपण ते साऱ्या रानात ओततो. हा फरक औषधाचा डबा उघडताना शेतकरी बंधूंनी आठवावा.

आता कामगारांच्या बाजूने दोन शब्द. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी देशाने कायदा केला. कामाच्या जागी स्वच्छता, वारा, पिण्याचे पाणी, हात धुण्याची सोय, लहान मुलांसाठी पाळणाघर या गोष्टी त्यात लिहिल्या होत्या. पुढे २०२० च्या कामगार संहितेत तो सामील करण्यात आला. परंतु लिहिलेले आपोआप वखारीत उतरत नाही. १९८० च्या सुमारास निपाणीच्या तंबाखू-कामगार स्त्रिया हजारोंनी संघटित झाल्या, संप झाले, तेव्हा कोठे ही कलमे वाचली जाऊ लागली. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा बोलपट त्याच स्त्रियांना बरोबर घेऊन केला. आणि १९८१ साली त्याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसे मेली. एका झाडाच्या पानावर शेतकरी आणि मजूर दोघांचेही पोट किती अवलंबून होते ते यावरून कळते. म्हणून "तंबाखू बंद करा" एवढे सांगून आम्ही मोकळे होत नाही. ती कधीतरी कमी व्हावीच. पण जोवर हातांत ती आहे तोवर ते हात सुरक्षित पाहिजेत.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. दव उतरल्यावर पाला काढावा. ओला पाला उघड्या अंगाला लागू देऊ नये. हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा, पाठीवर मेणकापड असावे. भिजलेले कपडे लगेच बदलावेत. जेवणापूर्वी आणि घरी जाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. चाळण्याच्या जागी वारा खेळता असावा आणि नाका-तोंडावर खरी जाळी असावी, पदर नव्हे. गरोदर बाईला आणि लहान पोरांना या कामात घालू नये. आणि दिवसभर पाला हाताळल्यावर ओकारी-चक्कर आली तर डॉक्टरला "आम्ही तंबाखूत काम करतो" हे पहिल्यांदा सांगावे, म्हणजे निदान चुकणार नाही. साबण, मोजे आणि खिडकी यांचा खर्च मालकाचा आहे. तो मजुरीतून कापून घेण्याचा नव्हे.

झाडाला आपले रक्षण पिढ्यान् पिढ्या मरत-जगत घडवावे लागले. पान कुरतडले गेले की मुळाला कळले पाहिजे, खालचे पान रोगी झाले की वरचे सावध झाले पाहिजे, ही व्यवस्था बसायला लक्षावधी वर्षे गेली. माणसाला तेवढा काळ थांबायचे कारण नाही. एका वखारीत एका बाईला चक्कर आली, याची खबर शेजारच्या दहा वखारींना त्याच संध्याकाळी देता येते, आणि दुसऱ्या सकाळी मोजे मागता येतात.